विहिरीत पावडर किती टाकायची? थेंब मोजून ठरवू



पाऊस सुरू झाला की विहिरीचं पाणी गढूळ होतं आणि घराघरांत जुलाब-उलट्या सुरू होतात. मग विहिरीत टीसीएल पावडर पडते. पण किती? "टाक दोन ओंजळी" म्हणून भागत नाही. कमी पडली तर जंतू मरत नाहीत. जास्त पडली तर वास येतो, बाया हंडा घेऊन ओढ्याकडे वळतात आणि आजार तिथून घरात येतो. शिवाय ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. उघड्या, ओल लागलेल्या पिशवीतून तो उडून जातो. पावडर दिसते मात्र तशीच पांढरी.

म्हणून हॉरॉक्स चाचणी करायची. संचात सहा पांढरे कप, एक काळा कप, २ ग्रॅमचा चमचा, ड्रॉपर आणि स्टार्च-आयोडाइडचं द्रावण असतं. जलसुरक्षक किंवा आरोग्यसेवकाला विचारा.

१. काळ्या कपात एक सपाट चमचा पावडर घ्या. थोड्या पाण्यात कालवा, मग खुणेपर्यंत पाणी भरून ढवळा. चुना खाली बसू द्या.
२. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी घ्या.
३. काळ्या कपातलं वरचं निवळ पाणी पहिल्या कपात १ थेंब, दुसऱ्यात २, असं सहाव्यात ६ थेंब टाका. ढवळून अर्धा तास थांबा.
४. प्रत्येक कपात स्टार्च-आयोडाइडचे ३ थेंब टाकून ढवळा.

क्लोरीन शिल्लक असेल तिथे निळा रंग येतो. स्पष्ट निळा झालेला पहिला कप कितवा, ते बघा. तिसरा असेल तर दर ४५५ लिटरला ३ चमचे, म्हणजे ६ ग्रॅम पावडर लागेल. एकही कप निळा झाला नाही, तर पावडर निकामी आहे किंवा पाणी फार घाण आहे. नवी पावडर मागवून पुन्हा तपासा.

हिशोब: विहिरीचा व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर खोल. ३.१४ × ४ × ४ × ३ ÷ ४ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे ३७,६८० लिटर. याला ४५५ ने भागून ६ ने गुणलं की येतात साधारण ५०० ग्रॅम.

पावडर कोरडी टाकू नका. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि हलवा. खालचा चुना बाहेर टाका. तासभर कुणी पाणी भरू नये. रात्री केलेलं बरं.

सकाळी नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करा. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. तो लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवा. तपासलेलं पाणी पिऊ नका, हात धुवा.

आकडा गटाच्या वहीत तारखेसह लिहा. पुढच्या ग्रामसभेत ती वहीच आपल्या वतीने बोलेल.