गाडीतला गारवा आणि कुबट वास

उन्हाळ्याचे दिवस होते. दौंडहून पुण्याला एक भाड्याची गाडी निघाली. गाडीत एक आजीबाई होत्या. त्यांना दम्याचा त्रास होता. पुण्याच्या दवाखान्यात त्यांना दाखवायचे होते. बाहेर ऊन मी म्हणत होते. गाडीवाल्याने काचा वर केल्या आणि एसी सुरू केला.

गार वारा आला. पण त्याबरोबर वासही आला. ओले गोणपाट चार दिवस कोपऱ्यात पडून राहावे, तसा कुबट वास. गाडीवाल्याने आरशाला अत्तराची बाटली टांगली होती. कुबट वास आणि अत्तर एकत्र झाले. चौफुला येईपर्यंत आजींना खोकल्याची उबळ आली.

"लेकरा, काच खाली कर रं," आजी म्हणाल्या. "गारवा नको, पर ह्यो वास आवर."

"अत्तर लावलंय की आजी. कालच नवी बाटली आणली."

"अरं, उकिरड्यावर फुलं टाकली म्हून उकिरडा जातो व्हय?"

गाडीवाला गप्प झाला. गाडी कर्जावर घेतलेली. गिऱ्हाईक तुटले तर हप्ता कसा भरायचा?

मंडळी, अशी गाडी तुमच्या आमच्या गावात कोणाचीही असू शकते. १९४० साली अमेरिकेत पॅकार्ड नावाच्या मोटारीत अशी गारव्याची सोय प्रथम विकत मिळू लागली. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आता भाड्याच्या गाडीतही एसी असतो. नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये एसी असलाच पाहिजे, असा केंद्र सरकारचा नियम आहे. म्हणून या वासाचे मूळ आपण समजून घेऊ.

तांब्याला घाम का येतो?

तांब्यात बर्फाचे पाणी भरून ठेवा. थोड्या वेळाने तांब्याच्या बाहेर थेंब जमतात. तांब्या गळका नसतो. मग पाणी आले कोठून? ते हवेतून आले. हवेत वाफ असते. ती दिसत नाही. गार वस्तूला लागली की तिचे पाणी होते.

गाडीतही हेच घडते. पुढच्या डॅशबोर्डच्या आत नळ्यांची एक जाळी असते. तिला कूलिंग कॉइल म्हणतात. या नळ्यांत एसीचा गॅस पातळ होऊन येतो आणि तेथे त्याची वाफ होते. वाफ होताना तो उष्णता ओढून घेतो. घाम वाळताना अंगाला गार वाटते ना? तसेच हे. जाळी गार पडते. पंखा तिच्यावरून हवा फेकतो. ती गार हवा आपल्याला लागते.

पण जाळीलाही तांब्यासारखा घाम येतो. ते पाणी एका नळीतून खाली रस्त्यावर पडते. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकते ते हेच. पुष्कळांना वाटते, गाडी गळते आहे. तसे नाही. हे साधे पाणी बाहेर पडते, हे चांगले लक्षण आहे.

वास कोठून येतो?

शिळ्या भाकरीवर बुरशी येते. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते. ओल आणि अंधार मिळाला की बुरशी वाढते. कॉइलची जागा अशीच आहे. आत अंधार, सदा ओल, आणि वर धूळ. आपल्या भागात धूळ काय थोडी आहे? कच्चे रस्ते आहेत. उसाच्या गाड्या आहेत. गुऱ्हाळांचा धूर आहे. धूळ ओल्या जाळीवर बसते. तिच्यावर बुरशी आणि जंतू वाढतात. एसी लावला की त्यांचा वास आपल्या तोंडावर येतो.

निरोगी माणसाला नुसता वास येतो. दमेकऱ्याला त्यानेच धाप लागू शकते. अत्तराचा उग्र वासही दमेकऱ्याला सोसत नाही. म्हणून वास झाकू नये. ओल घालवावी.

आपल्या हाती असलेले उपाय

पहिला उपाय : गाडीतले मॅट काढा. खालचे कापड हाताने चाचपून पाहा. सांडलेले दूध, सडलेली भाजी, ओली चप्पल काही आहे का? असल्यास साफ करा. दारे उघडून गाडी उन्हात वाळवा.

दुसरा उपाय : पुढच्या काचेखाली, वायपरजवळ जाळी असते. तेथून बाहेरची हवा आत येते. तेथला पालापाचोळा काढा.

तिसरा उपाय : हवा गाळणारा एसी फिल्टर पाहा. पुष्कळ गाड्यांत तो डावीकडच्या कप्प्यामागे असतो. तो काळा पडला असेल, ओला असेल, तर नवा घाला. कागदी फिल्टर धुऊ नये. फिल्टरवर बाणाची खूण असते. बाण पाहूनच तो बसवावा. गाडीच्या पुस्तकात बदलण्याची मुदत दिलेली असते. आपल्याकडे धूळ फार. म्हणून मुदतीआधीही तो काढून पाहावा.

चौथा उपाय : पाण्याची नळी तुंबली आहे का ते पाहा. पावसाळी हवेत एसी बराच वेळ चालला, तरी खाली थेंब नाही आणि आत पायाखालचा मॅट भिजतो, तर नळी तुंबली असे समजा. तार खुपसू नका. मिस्त्रीकडून साफ करून घ्या.

पाचवा उपाय रोजचा आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. मुक्काम पाच मिनिटांवर आला की एसीचे बटण बंद करा. पंखा चालू ठेवा. बाहेरची हवा आत घ्या. जाळी वाळते. ओल राहिली नाही, तर बुरशीला थारा नाही.

एवढे करूनही वास राहिला, तर मिस्त्रीकडून कॉइल धुऊन घ्या. त्यासाठी वेगळे औषध मिळते. फिनेल किंवा रॉकेल आत कधीही फवारू नका. आणखी एक गोष्ट. गॅस कमी झाला तर गारवा कमी होतो. कुबट वास गॅस भरल्याने जात नाही. कोणी वासासाठी गॅस भरायला सांगितला, तर आधी कारण विचारा.

हे वास धोक्याचे

सगळे वास बुरशीचे नसतात. पेट्रोलचा वास आला, तर गाडी बाजूला उभी करा. इंजिन बंद करा. सगळ्यांना खाली उतरवा. विडी पेटवू नका. वायर जळल्याचा वास आला, तरी तसेच करा. गोडसर वास आला आणि काच आतून चिकट झाली, तर इंजिन गार ठेवणारे कूलंट आत गळत असेल. मिस्त्रीला दाखवा. मेलेल्या उंदराचा वास आला, तर हातमोजे घालून आणि तोंडाला फडके बांधून जागा साफ करा.

इंजिनाचा धूर आत येत असेल, तर काचा उघडा. गाडी थांबवून बाहेर या. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला स्वतःचा वास नाही. डोके दुखते, चक्कर येते, आणि माणूस झोपेतच मरतो. म्हणून इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नये. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये.

पुढे काय झाले?

गाडीवाल्याने दुसऱ्या दिवशी कप्पा उघडला. फिल्टर मातीने भरला होता. पायाखालचा मॅट ओला होता. नळी चिखलाने तुंबली होती. त्याने नळी साफ करून घेतली, फिल्टर बदलला, मॅट वाळवले. बाटली काढून टाकली.

पंधरा दिवसांनी आजींना पुन्हा पुण्याला जायचे होते. त्यांच्या मुलाने त्यालाच बोलावले. यवत मागे पडले, तरी आजी काही बोलेनात. त्याने आरशात पाहिले. आजींना गाढ झोप लागली होती.

प्रश्न

१. एसी चालू असताना गाडीखाली पाणी का पडते?
२. अत्तराने कुबट वास का जात नाही?
३. मुक्काम जवळ आला की कोणते बटण बंद करावे? काय चालू ठेवावे?
४. पेट्रोलचा वास आल्यास काय कराल?
५. हे शब्द पाटीवर लिहा : ओल, बुरशी, धूळ, नळी, मिस्त्री.