पत्रकातला कापूस आणि गादीतला कापूस

वर्ध्यातील एका गादीवाल्या बांधवाने काही वर्षांपूर्वी आमच्याकडून एक पत्रक लिहवून घेतले होते. लग्नसराई तोंडावर आली होती आणि वर्तमानपत्रात घालून ते घरोघर पोचवायचे होते. आम्ही चहाचा कप संपायच्या आत मजकूर हातावेगळा केला : "शंभर टक्के शुद्ध, नवा कापूस. पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. एकदा याल तर पुन्हा पुन्हा याल." पत्रक छापले गेले, दुकानावर गर्दी वाढली, आम्हालाही बरे वाटले.

दोन-अडीच महिन्यांनी सेलू तालुक्यातील एक शेतकरी टेम्पोत गादी घालून दुकानावर आला. मुलीच्या लग्नात त्याने ती दिली होती. गादीत गोळे झाले म्हणून सासरच्या मंडळींनी खोळ उसवली, तर आत लाल-हिरव्या धाग्यांचा कापूस निघाला. शिंप्यांकडील कातरणे यंत्रात फोडून जो कापूस काढतात, तो. त्या गृहस्थाने भांडण केले नाही. खिशातून आमचे पत्रक काढून गल्ल्यावर ठेवले आणि "हे तुमचंच ना?" एवढेच विचारले.

आता खरी गोष्ट अशी की, गादीवाल्याने फसवण्याच्या हेतूने काही केले नव्हते. त्याच्या दुकानात दोन प्रकारचा माल होता आणि आजही आहे. नव्या रुईची गादी महाग, कातरणांच्या कापसाची स्वस्त. त्या भावात नवी रुई मिळत नाही हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. गिऱ्हाइकाला मात्र ते ठाऊक नव्हते, आणि पत्रकाने त्याला उलटेच सांगितले होते. गादीवाल्याने पदरचे पैसे घालून त्या गादीत नवी रुई भरून दिली. आम्हाला तो रागावून काही बोलला नाही. म्हणाला, "भाईजान, लिहिलं तर तुम्ही झकास, पण दुकानात काय काय आहे, हे विचारलं कुठं?"

हा लेख आम्ही त्या प्रश्नापायी लिहीत आहोत. आपल्यापैकी पुष्कळजण मापात मारत नाहीत, तराजूत दांडी मारत नाहीत, व्याजाच्या पैशाला हात लावताना दहादा विचार करतात. परंतु पत्रक, फ्लेक्स, दुकानाची पाटी किंवा अलीकडे व्हॉट्सॲपवर फिरवायचा मजकूर लिहायची वेळ आली की, तिथे जणू वेगळे माप लागू होते. "जाहिरातीत एवढं चालतंच" असे आपण म्हणतो. जाहिरातीतला शब्द हा सौद्याचाच भाग आहे, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

सहीह मुस्लिममधील धान्याच्या ढिगाची हदीस बहुतेक वाचकांना माहीत असेल. बाजारातून जात असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका विक्रेत्याच्या धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असा प्रश्न प्रेषितांनी (स.) त्याला केला. आणि जो फसवतो त्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. या प्रसंगात एक बारकावा आहे. विक्रेत्याने तोंडाने खोटे काहीच सांगितलेले नव्हते. कोरडे धान्य वर होते, बस्स. आमचे ते पत्रक अगदी असेच होते. नवी रुई वर, कातरणे खाली. कापडाचे व्यापारी असलेले इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या भागीदाराने एकदा खोट असलेले कापड, ती खोट गिऱ्हाइकाला न दाखवता विकले, तेव्हा इमामसाहेबांनी त्या विक्रीचे सगळे पैसे सदका करून टाकले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

हिंगणघाटचे नाव

कापसाचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच जिल्ह्यातील एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. 1862 साली वर्धा जिल्हा वेगळा झाला, त्या काळात हिंगणघाट हे गावाचे नाव होते तसे मालाचेही नाव होते. इकडची बनी जातीची कपाशी लांब आणि मऊ धाग्याची. मुंबईच्या बाजारात तिला "हिंगणघाट" म्हणत आणि देशी कापसात तिला चांगला भाव मिळे. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, तेव्हा हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे दिवस आले.

सोन्याच्या दिवसांत जे होते तेच झाले. गाठींमध्ये सरकी, माती, पाणी आणि हलका कापूस घुसू लागला. विलायतेतील गिरणीवाल्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, मुंबई इलाख्याला 1863 साली कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. हळूहळू शेतकऱ्याकडेही आखूड धाग्याची जरी जात आली. तिचे पीक जास्त, रुईचा उतारा जास्त. शेतकऱ्याने ती लावली यात त्याचा काही दोष नाही, त्याने आपले पोट पाहिले. अडचण पुढे सुरू होते. आखूड धाग्याचा माल लांब धाग्याच्या मुलुखात आणायचा, तिथल्या मालात मिसळायचा आणि तिथल्या नावाने विकायचा, हा उद्योग देशभर इतका वाढला की तो रोखण्यासाठी 1923 साली कापूस वाहतुकीचा आणखी एक कायदा आला.

आमच्या मते, आपल्या लहान व्यापाऱ्यांसाठी या इतिहासात मोठा धडा आहे. गावाचे नाव, हातमागाचे नाव, कारागिरीचे नाव हे एका दुकानाच्या मालकीचे नसते. एकाने त्या नावाखाली हलका माल खपवला की त्याला चार पैसे मिळतात, आणि भाव पडतो तो सगळ्यांचा. ज्याने भेसळ केली नाही त्याचाही पडतो.

आज हीच परीक्षा वायगावच्या हळदीची आहे. समुद्रपूर तालुक्यातील या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यातील कुरकुमीनचे प्रमाण 6 टक्क्यांच्या वर असते असे सांगितले जाते, आणि म्हणूनच "वायगाव" हा शब्द पुडीवर छापण्याचा मोह अनेकांना होतो. किराणा दुकानदार बांधवांनी एवढे ध्यानात घ्यावे की, बाहेरून आणलेली हळद दळून वर "वायगाव" लिहिणे हा केवळ खोटेपणा नाही, कायद्याने गुन्हाही आहे. सांगलीची हळद असेल तर सांगलीची म्हणावे. तिलाही स्वतःचे मानांकन आहे, ती काही कमीपणाची गोष्ट नव्हे. मिश्रण असेल तर मिश्रण लिहावे आणि भाव तसा ठेवावा.

महाग का, ते सांगावे

चांगला माल महाग पडतो, गिऱ्हाईक कुरकुरते, म्हणून मग शब्दांची फोडणी द्यावी लागते, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. याचे उत्तरही वर्ध्यातच सापडते. 1935 साली चरखा संघाने वर्ध्याच्या बैठकीत कातकऱ्यांना, म्हणजे सूत कातणाऱ्यांना, पोटापुरती तरी मजुरी मिळालीच पाहिजे असा निर्णय घेतला. मजुरी वाढली म्हणजे खादी महागणार हे उघड होते, आणि विक्री घटण्याची भीतीही होती. तरी गांधीजींनी ही गोष्ट झाकून ठेवली नाही. वाढलेली किंमत कातणाऱ्या बाईच्या हातात जाते आहे, म्हणून ती द्या, असे त्यांनी गिऱ्हाइकालाच उघड सांगितले. ज्यांनी आपल्या पत्रांत पैसे घेऊन जाहिराती छापणे सोडून दिले होते, त्यांनी केलेली ही जाहिरातच म्हणायची. तिच्यात मालाची स्तुती फारशी नव्हती, हिशोब होता.

आपला कारागीर हे सहज करू शकतो. हाताने भरतकाम केलेल्या दुपट्ट्यावर "अप्रतिम, नजाकतदार, शाही" असे तीन शब्द लिहिण्याऐवजी, "या कामाला एका बाईचे चार दिवस लागतात, त्यातले इतके रुपये तिच्या मजुरीचे" असे लिहावे. अर्थात आधी ती मजुरी खरोखर दिलेली असावी. आणि तिचा फोटो छापायचा असेल तर तिला विचारावे. विधवेच्या किंवा अनाथ मुलीच्या लाचारीचे चित्र दाखवून माल खपवणे आम्हाला अजिबात पसंत नाही, मग हेतू कितीही नेक असो.

खादीचे म्हणाल तर आता नियम कडक आहेत. 2013 च्या नियमांनुसार खादी चिन्हाशिवाय कुठलेही कापड "खादी" म्हणून विकता येत नाही. मालेगावच्या पॉवरलूमचे सुती कापड चांगलेच असते. त्याला तसेच म्हणावे : "पॉवरलूमचे सुती कापड. पहिल्या धुण्यात थोडे आटते, म्हणून कुर्त्यासाठी पाव मीटर जास्त घ्यावे." ही एक सूचना वाचून गिऱ्हाइकाला दुकानदाराबद्दल जे वाटते, ते दहा विशेषणांनी वाटत नाही. सुतारकाम करणाऱ्यांनी "सागवानी कपाट" लिहिताना चौकट सागाची आणि फळ्या प्लायच्या असतील तर तेवढे चार शब्द जास्त लिहावेत. बेकरीवाल्यांनी वनस्पती तुपाची नानखटाई "शुद्ध तुपातली" म्हणू नये. वर्ध्याच्या गोरसपाकाने नाव कमावले ते चवीवर, मोठमोठ्या पाट्यांवर नव्हे.

दवाखान्याबाहेर औषध विकणाऱ्यांसाठी स्वतंत्रपणे लिहिणे जरूर आहे. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचा दावा असलेली औषधाची जाहिरात 1954 च्या कायद्याने बंद आहे. "आयुर्वेदिक" किंवा "युनानी" म्हटल्याने त्यातून सुटका होत नाही. रोगी माणूस शब्दावर विसंबून डॉक्टरांची गोळी सोडतो, ही गोष्ट जिवाशी येते.

बाकी मालासाठी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा या कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. म्हणजे पुन्हा तोच ओल्या धान्याचा ढीग. दंड 10 लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत अटी छापाव्या लागतात. मराठीत मोठ्या अक्षरांत "50 टक्के सूट" आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, हे चालत नाही. या सूचना जाहिरात तयार करणाऱ्या संस्थांनाही लागू आहेत, तेव्हा आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनीही सावध असावे. 2024 सालापासून "पर्यावरणपूरक", "नैसर्गिक" अशा शब्दांनाही पुरावा मागितला जातो.

दोन गोष्टी आपल्या समाजापुरत्या. मधाच्या बाटलीवर, खजुराच्या पाकिटावर, अगदी फर्निचरच्या पत्रकावरही दीनी शब्द छापण्याची पद्धत वाढली आहे. "हलाल" हा शब्द जिथे मालाला खरोखर लागू पडतो तिथे तो जरूर लिहावा आणि कशाच्या आधारावर लिहिला तेही सांगावे. पण गिऱ्हाइकाने भाव विचारू नये, प्रत पाहू नये म्हणून धर्माचा शब्द पुढे करणे हे खोटी शपथ घेऊन माल विकण्याच्या फार जवळ जाते. दुसरी गोष्ट, "प्रत्येक खरेदीतील काही भाग यतीमखान्याला" असे जे लिहितात त्यांनी "काही" हा शब्द खोडून रक्कम लिहावी. गिऱ्हाईक ती रक्कम धरून पैसे देतो, म्हणजे ती अमानत झाली, तिचा वर्षाचा हिशोब दुकानात लावला पाहिजे. आणि जर तो आपला स्वतःचाच सदका असेल, तर त्याची पाटी कशाला?

जाता जाता आणखी एक पाटी. गिऱ्हाईक हा दुकानातला सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, अशा अर्थाचे वचन गांधीजींच्या फोटोखाली असंख्य दुकानांत आणि बँकांत लावलेले दिसते. 1890 साली दक्षिण आफ्रिकेत ते हे बोलले, असेही काही पाट्यांवर छापलेले असते. 1890 साली गांधीजी लंडनमध्ये कायदा शिकत होते. दक्षिण आफ्रिकेत ते गेले 1893 साली. तशाच आशयाचा मजकूर अमेरिकेतील एका मोटार कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याच्या नावावर 1941 साली छापलेला मिळतो. सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर आपण राहतो, निदान आपल्या भिंतींवरून तरी ही पाटी उतरावी.

त्या गादीवाल्या बांधवाकडे पुढच्या वेळी आम्ही आधी दोन तास दुकानात बसलो. रुई कुठल्या जिनिंगमधून येते, कुठे पिंजली जाते, कातरणांच्या गादीचे पुढे काय होते, हे विचारले. मग लिहिले : "आमच्याकडे दोन प्रकारच्या गाद्या मिळतात. पहिलीत नवी रुई, दुकानातच पिंजलेली. दुसरीत कातरणांचा कापूस. ही स्वस्त पडते, पण लवकर दबते, गोळे धरते आणि लवकर पुन्हा पिंजावी लागते. दोन्हींचा किलोचा भाव आणि शिलाई बोर्डावर आहे. शिवण्याआधी कापूस ओढून पाहा, वजन समोर करून घ्या."

पहिल्या महिन्यात काही गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात गेले, हे आम्ही लपवत नाही. तिथल्या पत्रकावर अजून "शंभर टक्के" होते. आमच्या बांधवाने गल्ल्यावर काचेच्या दोन बरण्या ठेवल्या, एकीत रुई, दुसरीत रंगीत धाग्यांचा कापूस. स्वस्त गादी घेणारे आजही येतात, भाड्याच्या खोलीत राहणारी मुले विशेषकरून, आणि काय घेतो आहोत हे पाहून घेतात. या वर्षीच्या लग्नसराईसाठी पत्रक पुन्हा छापायचे ठरले, तेव्हा मुद्रणप्रत त्याने आम्हाला दाखवायला आणली. एक बदल त्याने आम्हाला न विचारताच केला होता. "कातरणांचा कापूस" हे शब्द आम्ही साध्या टायपात दिले होते, ते त्याने ठळक करून घेतले होते.