नाव कुणाचे ठेवायचे?



बाळाच्या नावावरून घरात वाद होणे ही आजकालची गोष्ट नाही. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात असा वाद आहे. आठव्या दिवशी शेजारी आणि सोयरे जमले. बापाचे नाव जखऱ्या, म्हणून पोराचेही तेच, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले. आई एलिझाबेथ म्हणाली, नाव योहान. लगेच हरकत आली, की तुमच्या नात्यागोत्यात या नावाचे कोणी नाही. शेवटी मुक्या झालेल्या बापाच्या हाती पाटी द्यावी लागली. बाप्तिस्म्याची नोंद करायला आमच्या कचेरीत येणाऱ्या कुटुंबांत आजही असा एखादा जखऱ्या असतो. तो गप्प बसतो आणि बाकीचे बोलतात.

नावांची लाट प्रत्येक काळात असते. येशूच्या काळात पॅलेस्टाईनमध्ये पुरुषांत शिमोन, योसेफ, यहूदा आणि स्त्रियांत मरिया व सलोमे ही नावे घरोघरी होती. म्हणून बारा प्रेषितांत दोन शिमोन, दोन याकोब आणि दोन यहूदा आहेत. क्रुसाजवळच्या मरियांना तर गावावरून किंवा मुलावरून ओळखावे लागते. शिमोन, यहूदा, योहान, एलाजार, योनाथान ही मक्काबी भावांची नावे. त्यांनी परकी सत्तेविरुद्ध लढा दिला होता आणि लोकांनी तो विसरू नये म्हणून आपल्या मुलांतून जागता ठेवला. आपल्या देशात स्वातंत्र्याच्या काळात जवाहर आणि सुभाष जन्मले, ते याच भावनेने.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनी मात्र बाप्तिस्म्यानंतर नावे बदलण्याची घाई केलेली दिसत नाही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात संत पौल ज्यांना सलाम सांगतो, त्यांत हर्मेस नावाचा एक बंधू आहे. हर्मेस हा ग्रीकांचा देव. संत इसिदोर या नावाचा मूळ अर्थ इसिस देवीची देणगी. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप दियोनिसियस यांनी लिहून ठेवले आहे, की श्रद्धावंतांच्या मुलांना आता पेत्र आणि पौल ही नावे पुष्कळ दिली जातात. हे लिहिणाऱ्या बिशपांचे स्वतःचे नाव मद्याच्या देवावरून आलेले होते! पोपपदावर आल्यावर स्वतःचे नाव बदलणारे पहिले पोप म्हणजे इ. स. ५३३ मधील दुसरे योहान. त्यांचे मूळचे नाव मर्क्युरियस, म्हणजे रोमन देवाचे. तोवर त्या नावाने ते धर्मगुरू म्हणून वावरत होतेच.

चौथ्या शतकात संत योहान ख्रिसोस्तोम यांनी या विषयावर लोकांची चांगलीच कानउघाडणी केली. त्यांच्या काळी काही आईबाप अनेक दिवे लावून प्रत्येक दिव्याला एकेक नाव देत. जो दिवा सर्वांत जास्त वेळ तेवेल त्याचे नाव बाळाला, म्हणजे बाळ दीर्घायुषी होईल अशी समजूत. संत योहान म्हणाले, हे सोडा, आजोबा-पणजोबांची नावेही सोडा, नीतिमान माणसांची नावे द्या. आजोबांबद्दलचा त्यांचा उपदेश आपल्याकडे पोहोचला नाही, हे एका परीने बरेच झाले.

आता आपल्या वसईकडे येऊ या. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि त्यानंतरच्या काळात आपल्या पूर्वजांना बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज नावे मिळाली. त्याच शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकाने संतांची नावे ठेवण्याचा आग्रह धरला. पण लोकांच्या जिभेने ही नावे जशीच्या तशी स्वीकारली नाहीत. गोव्यापासून इकडे आपल्यापर्यंत इनासियोचा इनास झाला, दोमिंगोसचा दुमिंग, पास्कोलचा पास्कू, जोआंवचा जुआंव. नोंदवहीत धर्मगुरू लॅटिनमध्ये इग्नातियस लिहीत आणि वाडीत हाक जाई इनास. पुढे इंग्रजी शाळा आणि मुंबईच्या नोकऱ्या आल्या. पेद्रूचा नातू पीटर झाला, जुआंवचा नातू जॉन. संत तेच राहिले, फक्त उच्चार साहेबी झाला.

नाव कुठून येई, हेही तेव्हा ठरलेले असे. ज्या संताच्या सणाला बाळ जन्मले त्याचे नाव, नाहीतर आजी-आजोबांचे. निवड करण्याचा प्रश्नच फारसा नव्हता. मात्र एक गोष्ट मला नेहमी खटकते. संतपदाचा मान मिळालेला पहिला भारतीय आपल्या वसईत जन्मला. १५९७ मध्ये नागासाकी येथे त्याने क्रुसावर रक्त सांडले आणि १८६२ साली ख्रिस्तसभेने त्याला संत घोषित केले. आपल्या धर्मग्रामात किती बाळांचे नाव गोन्सालो आहे, ते ज्याने त्याने आपल्या वाडीत मोजून पाहावे.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर (१९६२ ते ६५) मिस्सा मराठीत आली आणि नावेही मराठी होऊ लागली. सुनील, अनिल, संगीता, ज्योती, आशा ही नावे डिमेलो, लोपीस, परेरा या आडनावांशेजारी बसली. काही ज्येष्ठांना ते रुचले नाही आणि अजूनही रुचत नाही. त्यांना मी नम्रपणे संत देवसहायम यांची आठवण करून देतो. त्यांचे मूळचे नाव नीलकंठ पिल्लै. १७४५ मध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना लाझरस हे नाव मिळाले, पण तमिळमध्ये भाषांतर करून. लाझरस म्हणजे देव साहाय्य करतो, म्हणून देवसहायम. २०२२ साली याच नावाने ते संत घोषित झाले. आपल्या प्रोटेस्टंट बांधवांत कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तरी नारायणच राहिले. लक्ष्मीबाईंनीही आपले नाव टाकले नाही. त्यांच्या श्रद्धेत त्यामुळे काय उणे पडले?

ख्रिस्तसभेचा नियमही या काळात सौम्य झाला. १९१७ च्या धर्मसंहितेत धर्मगुरूला सांगितले होते, की मुलाला ख्रिस्ती नाव मिळेल हे पाहा, आईबाप ऐकत नसतील तर एका संताचे नाव जोडा आणि दोन्ही नावे वहीत लिहा. कित्येकांची दोन-दोन नावे आहेत ती यामुळे. १९८३ च्या संहितेतील ८५५ वे कलम एवढेच म्हणते, की ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये, याची आईबाप, धर्मपिता-धर्ममाता आणि धर्मगुरू यांनी काळजी घ्यावी. त्यामुळे बाळाचे नाव एडन आहे किंवा कियारा आहे म्हणून मी कोणाला परत पाठवीत नाही.

ही नवी नावे येतात कुठून? स्टॅन्ली लिबरसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने २००० साली नावांच्या फॅशनवर एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे, की कुटुंबाची आणि धर्माची पकड सैल झाली की नाव ही आवडीनिवडीची बाब होते, आणि मग कपड्यांप्रमाणे नावांचीही फॅशन आपोआप फिरत राहते. एक ध्वनी आवडला की त्याला जुळणारी नावे मागोमाग येतात. अमेरिकेत एडन, जेडन, हेडन अशी रांगच लागली. त्याच देशात १८८० पासून १९४६ पर्यंत मुलींमध्ये दरवर्षी मेरी हे नाव पहिले होते. या शतकात ते पहिल्या शंभरांतूनही बाहेर गेले. कोणी ठरवून मरियामातेला घराबाहेर काढले असे नाही. आईबापांना वेगळे काहीतरी हवे होते आणि मेरी हे नाव फार ऐकून झाले होते.

गंमत अशी, की नव्या वाटणाऱ्या पुष्कळ नावांमागे कोणीतरी उभे असते आणि आईबापांना त्याचा पत्ता नसतो. एडन हा सातव्या शतकातील मिशनरी मठवासी. स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरून तो उत्तर इंग्लंडमध्ये आला आणि पायी फिरून शुभवर्तमान सांगत राहिला. कियारा हे नाव सिनेमामुळे घरोघरी पोहोचले, पण इटालियन भाषेत कियारा म्हणजे क्लारा, असिसीची संत क्लारा. कियारा बदानो नावाची एक इटालियन मुलगी १९९० मध्ये अठराव्या वर्षी कर्करोगाने वारली आणि २०१० साली तिला धन्यवादित घोषित करण्यात आले. एथन तर जुन्या करारात आहे, ८९ व्या स्तोत्राच्या शीर्षकात. जेडनमागे मात्र मला अजून कोणी सापडलेले नाही.

कचेरीत आईबाप बहुधा मला नावाचा अर्थ सांगतात. इंटरनेटवर पाहिलेला असतो. पण अर्थ हे नावाचे खरे काम आहे का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना जॉन स्टुअर्ट मिल वाचावा लागे. त्याचे उदाहरण साधे आहे. डार्टमथ म्हणजे डार्ट नदीच्या मुखाशी वसलेले गाव. उद्या नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव डार्टमथच राहील. नाव अर्थ सांगत नाही, बोट दाखवते. फ्रान्सिस या शब्दाचा अर्थ जवळजवळ ‘फ्रेंच माणूस’ असा होतो आणि झेविअर म्हणजे ‘नवे घर’. आपल्या मुलाने फ्रेंच व्हावे म्हणून वसईत कोणी फ्रान्सिस नाव ठेवले नाही. असिसीच्या त्या माणसाचे बाप्तिस्म्याचे नावही योहान होते. फ्रान्सिस हे वडिलांनी हौसेने पाडलेले नाव, पण तो तसा जगला म्हणून ते जगभर गेले.

सॉल क्रिपके नावाच्या तत्त्वज्ञाने १९७० च्या व्याख्यानांत हाच धागा पुढे नेला. कोणीतरी एकदा नाव ठेवतो आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे साखळीसारखे जात राहते. त्या पहिल्या नाव ठेवण्याला क्रिपके ‘बाप्तिस्मा’ हाच शब्द वापरतो. तो यहुदी रब्बीचा मुलगा होता, तरी याहून योग्य शब्द त्याला मिळाला नाही! इनास हे नाव कोण्या आजोबाकडून आले, आजोबाला त्याच्या आजोबाकडून, आणि साखळीच्या टोकाला लोयोलाचा संत इग्नेशियस. केवळ ध्वनी आवडला म्हणून नाव ठेवले, तर बाळाच्या हाती साखळी येते, पण तिचे दुसरे टोक त्याला कोणी दाखवलेले नसते. ते दाखवायला दोन मिनिटे लागतात.

म्हणून यापुढे बाप्तिस्म्याची नोंद करताना मी अर्थाऐवजी ‘हे नाव कुणाचे?’ असे विचारणार आहे. उत्तर आजीचे असो वा संताचे, ते नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात एका ओळीत लिहिले जाईल. उत्तर ठाऊक नसेल तर मिळून शोधू. ज्येष्ठांनाही विनंती आहे. आपल्या वाडवडिलांची वहीतली नावे आणि हाकेची नावे आठवत असतील तर ती कचेरीत सांगावीत. ही नावे आता थोड्याच लोकांना ठाऊक आहेत.

एक व्यवहाराची गोष्ट. चर्चच्या दाखल्यावर एक नाव आणि सरकारी दाखल्यावर दुसरे असले, की पासपोर्टच्या वेळी हेलपाटे पडतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच पुरावा धरला जातो. नाव न घालता जन्मनोंद केली असेल, तर एका वर्षाच्या आत ते विनाशुल्क घालता येते. तेव्हा आधी घरात नाव ठरवावे, मग दोन्हीकडे एकाच स्पेलिंगने लिहावे आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीसाठी येताना जन्मदाखल्याची प्रत सोबत आणावी.

आपला धर्मगुरू