गाणे शाळेत आणणारा माणूस : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

गेल्या वर्षी संगीताच्या प्रारंभिक परीक्षेचा अर्ज मी घरी नेला, तेव्हा बाबांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "आपल्या घरान्यात कोनी गानं शिकलं काय, बाई?" दारव्हा तालुक्यातले आमचे घराणे कापूस वेचणारांचे. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, बाबा भजनात खंजिरी वाजवितात. पण त्याला कोणी 'शिकणे' म्हणत नाही. अर्जाच्या माथ्यावर 'अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ' असे छापलेले होते. या नावाचा माग काढता काढता मी विष्णु दिगंबरांपर्यंत पोहोचले.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले आणि शाळा सुटली. मग मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांना गाणे शिकण्यास ठेविले. गुरूची सेवा करावी, गुरूची मर्जी होईल तेव्हा चीज पदरात पडावी, अशी तेव्हाची रीत होती. शिष्यास प्रतिष्ठित मंडळींचे बोलावणे येते, पण गुरूस मात्र 'गवई' म्हणून येत नाही, हे पाहून त्यांच्या मनास घर पडले, असे सांगतात. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. सौराष्ट्रात त्यांनी चक्क तिकीट लावून जलसा केला. राजाच्या कृपेवाचून लोकांच्या पैशावर गाणे जगू शकते, हे त्यांना तेथे उमगले असावे.

५ मे १९०१ रोजी लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. संगीतशाळा त्यापूर्वीही होत्या. बडोद्यास मौलाबक्षांची शाळा १८८६ पासून होती, पण तिच्यामागे सयाजीरावांची तिजोरी होती. लाहोरची शाळा वर्गणीवर उभी राहिली. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा असे सारे तेथे होते. मुलांसाठी 'संगीत बालबोध', 'संगीत बालप्रकाश' अशी क्रमिक पुस्तके त्यांनी स्वतः लिहिली. शृंगारिक चिजांच्या जागी सूर, तुलसी, मीरा यांची पदे आली, म्हणून आईबाप मुलींनाही गाणे शिकवू लागले. माझ्यासारखीचा फायदा झाला खरा. परंतु ज्या गायिकांनी त्या जुन्या चिजा गळ्यात जपल्या, त्यांच्याकडे त्याच सभ्य समाजाने पाठ फिरविली, ही गोष्ट मला खटकते.

१९०८ मध्ये विद्यालयाची शाखा मुंबईस आली. पुढे इमारत झाली, कर्ज झाले आणि अखेर वास्तू लिलावात गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस पंडितजी निवर्तले. त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापिले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही शिष्यांची नावे सर्वांस ठाऊक आहेत. आपल्या विदर्भापुरते बोलायचे तर त्यांचे शिष्य शंकरराव सप्रे नागपुरास विद्यालय चालवीत. वसंतराव देशपांडे आणि सी. रामचंद्र तेथेच शिकले.

आता थोडे स्वरलेखनाविषयी. पलुस्करांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असले म्हणजे तो मंद्र सप्तकातला. भातखंड्यांच्या पद्धतीत तेच टिंब तार सप्तकाचे. मला हे कोठे ठाऊक! ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकावरून मी आठवडाभर खालचे स्वर वर ओढून गात होते आणि घसा बसला म्हणून पावसाला दोष देत होते. बाईंनी ऐकले तेव्हा त्या हसून खुर्चीतच बसल्या. तरीही मला त्या पुस्तकाचे नवल वाटते. गुरूच्या दाराशी न बसता, कोणाची मर्जी न धरता, कागदावरून एक सरगम माझ्या गळ्यात आली; चुकीची का होईना.

परीक्षा पास झाल्यावर मी आजीची एक ओवी स्वरलेखनात उतरविली. गंधारापाशी तिचा आवाज जरा डुलतो. त्या जागेला पलुस्करांचे चिन्ह बसेना, भातखंड्यांचेही बसेना. शेवटी सरळ 'ग' लिहिला आणि तिला गाऊन दाखविली. जाते थांबवून आजीने ऐकले. म्हणाली, "गायलं तं बराबर, पन हे माह्यावालं नोहे." आणि तिने ती ओवी पुन्हा म्हटली.

त्या 'ग'पुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेविले आहे. प्रवेशिकेचा अर्ज या महिन्यात भरला. पालकाच्या सहीसाठी तो बाबांपुढे धरला, तेव्हा त्यांनी घराण्याचे काही विचारले नाही. फी किती, एवढेच विचारले.