बांधकामाचा ठेका घेण्यापूर्वी

ठाणे, मुंब्रा, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात गवंडी, सुतार, सेंट्रिंग, फरशी व रंगकाम करणारे आपले असंख्य बांधव आहेत. हातात कसब आले, चार माणसे जमली की मिस्त्री ठेकेदार होतो आणि विचारतो, "लायसन कोठे मिळते?" आम्ही कापडाचे व्यापारी, पण दुकान-गोदाम आम्हालाही बांधावे लागते. म्हणून हा विषय आम्ही समजून घेतला. तो येथे मांडत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. खासगी घर बांधणाऱ्या ठेकेदारासाठी वेगळी सनद आपल्याकडे नाही. महापालिका परवानगी देते ती इमारतीला. नकाशा सादर करतो वास्तुविशारद, परवानाधारक अभियंता किंवा पर्यवेक्षक. आय.टी.आय.चा स्थापत्य ड्राफ्ट्समन अभ्यासक्रम केलेला तरुण पुरेशा अनुभवानंतर पर्यवेक्षकाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतो. आपल्या मुलांनी ही वाट जरूर पाहावी. विजेच्या कामाला मात्र ठेकेदाराचा स्वतंत्र सरकारी परवाना लागतो.

सरकारी कामाची गोष्ट वेगळी. सार्वजनिक बांधकाम विभाग ठेकेदारांची वर्गवार नोंदणी करतो आणि वर्गाप्रमाणे कामाच्या रकमेची मर्यादा ठरते. त्यासाठी पॅन, ऐपतीचा दाखला आणि केलेल्या कामांची प्रमाणपत्रे हवीत. म्हणून लहान कामाचाही लेखी दाखला घेऊन जपून ठेवावा. उद्यम नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

आता इमारतीचे कागद. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना हे सरकारी शब्द अवघड वाटतात, म्हणून अर्थासह देतो:

१. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक: जमीन कोणाची, हे सांगणारा कागद.
२. मंजूर नकाशा व प्रारंभ प्रमाणपत्र: काम सुरू करण्याची परवानगी.
३. जोते तपासणी: पाया नकाशाप्रमाणे आला की नाही, याची पाहणी.
४. भोगवटा प्रमाणपत्र: इमारतीत राहण्याची किंवा ती वापरण्याची परवानगी.

"मालक बघून घेईल, आपण मजुरीचे धनी," असे अनेक मिस्त्री म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ प्रमाणे स्वतःसाठी असो वा दुसऱ्याच्या सांगण्यावरून, विनापरवाना बांधकाम करणारा गुन्हेगार ठरतो. शिक्षा एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दंड.

कैदेपेक्षा मोठी गोष्ट जिवाची आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. वर मजले चढत होते आणि खाली कुटुंबे राहत होती.

केवळ कागद दिसला म्हणूनही भागत नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आयुष्याची पुंजी लावून घर घेणाऱ्यांवर काय बेतले, याचा विचार करावा.

तेव्हा झेरॉक्सवर विसंबू नये. परवानगीवरील क्रमांक व तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात खात्री करावी. उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. मालकाशी लेखी करार करावा, त्यात प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक लिहावा आणि मंजूर नकाशाबाहेर एक वीटही रचणार नाही, असे कलम घालावे. कामगारांची हजेरी रोज लिहावी. वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या बांधकाम कामगाराला कल्याणकारी मंडळात नोंदणीचा हक्क आहे. ठेकेदाराचा दाखला त्याला उपयोगी पडतो. तो देताना कुचराई करू नये.

कापड घेताना आम्ही थान उलगडून पाहतो, मगच बयाणा देतो. ठेकेदाराने बयाणा घेण्यापूर्वी कागद उलगडून पाहावेत. ते पाहू न देणाऱ्या मालकाचे काम सोडून द्यावे. एक काम गेले तर दुसरे मिळते. पण आपण बांधलेल्या छताखाली गेलेला माणूस परत येत नाही.