पालकांचा ऑनलाइन वर्ग : धडगावात नव्याने रुजू झालेल्या अंगणवाडी पर्यवेक्षिकेस

चि. भाचीस,


ठरल्या वेळी काही पालक आणि एक मार्गदर्शक फोनवर एकत्र येतात आणि मुलांच्या संगोपनाविषयी बोलतात, ऐकतात, विचारतात. पालकांचा थेट ऑनलाइन वर्ग म्हणतात तो हाच. व्हिडिओ पाहणारी आई मध्येच थांबवून ‘पण माझं मूल तर खातच नाही’ असे म्हणू शकत नाही. थेट वर्गात म्हणू शकते. या वर्गाची सारी कमाई एवढीच आहे. ज्या वर्गात मार्गदर्शक सलग चाळीस मिनिटे बोलते आणि शेवटी ‘काही शंका?’ विचारून वर्ग संपवते, तो भरवण्यापेक्षा व्हिडिओ पाठवून देणे स्वस्त पडले असते.

पुण्या-मुंबईत असा वर्ग म्हणजे वीस घरे, वीस पडदे. हा नमुना तुझ्या नंदुरबार जिल्ह्यात जसाच्या तसा चालत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे सहा तालुके आहेत. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती, तिच्यात दोनतृतीयांशाहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आणि साक्षरता चौसष्ट टक्क्यांच्या आसपास. शहादा आणि नंदुरबारच्या सपाटीवर बहुतेक ठिकाणी रेंज असते; अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात ती एका टेकडीवर मिळते आणि शेजारच्या पाड्यात नाही. अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो सकाळी घरधन्याबरोबर शेतावर जातो. त्यामुळे इथे वर्गाचे एकक फोन नसून अंगण असते. अंगणवाडी सेविकेचा एक फोन, त्याला जोडलेला छोटा स्पीकर, भोवती आठ-दहा आया, एखादी आजी, जमल्यास दोन-तीन बाप. अशी चार-पाच अंगणे एकमेकांना जोडली की एक वर्ग झाला.

ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीत आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, ही त्यांची रीत होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांची कुरणशाळा थेट कुरणात भरे. ऑनलाइन वर्गाने या परंपरेशी नाते सांगायचे असेल, तर पालकांना पडद्याकडे बोलावून भागत नाही. पडद्याला त्यांच्या बसण्याच्या जागी जावे लागते.

बसण्याची जागा शोधायलाही फार लांब जावे लागत नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्याच्या आदिवासी भागात २०१५पासून सुरू आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस गरम जेवण मिळते. म्हणजे ज्या आयांपर्यंत पोचायचे, त्या दुपारी एकत्र बसतातच. जेवण उरकल्यावरची वीस-पंचवीस मिनिटे हीच वर्गाची खरी वेळ. संध्याकाळी आठची वेळ कागदावर सोयीची दिसते, पण त्या वेळी चूल पेटलेली असते. आठवडे बाजाराचा दिवस टाळावा. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून होळी आटोपेपर्यंत वर्ग ठेवूच नये, आणि काठी गावच्या राजवाडी होळीच्या दुसऱ्या दिवशी तर मुळीच नाही. एप्रिल-मेमध्ये सातपुड्यात आमचुराचे काम चालते, तेव्हा दुपारऐवजी सकाळ बरी.

तंत्राची बाजू थोडक्यात सांगता येते. गूगल मीटवर विनाशुल्क सामूहिक बैठक तासाभरात तुटते, झूमवर चाळीस मिनिटांत. वीस-पंचवीस मिनिटांच्या वर्गाला दोन्ही पुरतात. रेंज कमजोर असेल तर चित्र बंद करून आवाज ठेवावा. तोही तुटत असेल तर साध्या फोनचा कॉन्फरन्स कॉल करावा. त्यात एकाच वेळी साधारण पाच जण जोडता येतात, म्हणजे पाच अंगणे. इंटरनेट नसताना वर्ग रद्द करायची सवय एकदा लागली की तो महिनाभरात बंद पडतो.

भाषेचा प्रश्न त्याहून अवघड आहे. धडगावकडे पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. प्रमाण मराठीत बोलले तर आया मान हलवतात, आणि मान हलवणे म्हणजे कळणे असे मार्गदर्शक धरून चालते. प्रत्येक अंगणात सेविकेने किंवा मदतनिसाने ती गोष्ट आपल्या बोलीत पुन्हा सांगावी, आणि मग आयांनी ती मार्गदर्शकाला परत सांगावी. यात निम्मा वेळ जातो. तो वाया गेला असे समजणाऱ्या व्यक्तीने हे काम न घेतलेले बरे. म्हणूनच एका वर्गात एकच विषय घ्यावा.

विषय ठरवताना तक्त्यापेक्षा त्या पाड्यातल्या मुलांकडे पाहावे. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, हे बहुतेक आयांनी ऐकलेले असते. त्यानंतर काय, इथे गोंधळ सुरू होतो. डाळीचे वरवरचे पाणी बाळाला पाजले की डाळ पाजली, हा समज फार पसरलेला आहे. त्या पाण्याने पोट भरते, अंगाला फारसे काही लागत नाही. ज्वारीची भाकरी घट्ट वरणात कुस्करून, वर थोडे तेल घालून केलेला काला प्रत्यक्ष दाखवावा लागतो, आणि तो पडद्यावर दाखवून भागत नाही. मार्गदर्शकाने बोलायचे आणि त्याच वेळी अंगणातल्या सेविकेने करून दाखवायचे, अशी वाटणी लागते. दंडाच्या घेराच्या पट्टीचेही तसेच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. आईने ती पट्टी स्वतः धरून मुलाच्या दंडाला लावली, तर पुढच्या वेळी मोजायला ती सेविकेची वाट पाहत नाही. पोषणाइतकाच बोलण्या-खेळण्याचा विषयही घ्यावा, कारण तीन वर्षांच्या आतल्या मुलाशी बोलण्यात काय अर्थ, असे अनेक घरांत मानतात. ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात २०२२मध्ये राज्यभर मातांचे गट करून त्यांना घरी करायच्या कृती दिल्या गेल्या होत्या. जिथे असे गट टिकून असतील तिथे नवा गट करत बसू नये.

या जिल्ह्यात ऑनलाइन वर्गाची सर्वाधिक गरज मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात, बारडोली आणि सुरतेच्या बाजूला. पाड्यातली अंगणवाडी ओस पडते, आणि मुलांचे वजन घसरते ते याच महिन्यांत. समोरासमोरचा वर्ग या आयांना हंगामभर हरवून बसतो. ऑनलाइन वर्ग त्यांच्या पाठोपाठ ऊसतोडीच्या पडावावर जाऊ शकतो. पण त्याची तयारी निघण्याआधी व्हायला हवी. कोण कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याकडे जाणार, त्या टोळीत फोन कुणाकडे, हे दिवाळीपूर्वी नोंदवून ठेवावे. एका टोळीला एक फोन पुरतो. पडावावरची वेळ तोडीच्या गाड्या ठरवतात, म्हणून वर्ग लवचीक आणि दहा मिनिटांचा असावा: बाळाला ताप आहे का, खाते का, जवळची अंगणवाडी किंवा दवाखाना कुठे. मूल मागे आजीकडे, हंगामी वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत ठेवलेले असेल, तर त्याच कॉलवर आजीला किंवा अधीक्षिकेला घ्यावे. दूर असलेल्या बापाला शाळेतल्या मुलाचा आवाज ऐकू येणे हाही पालकवर्गच आहे, कोणत्याही नमुन्यात तो बसत नसला तरी.

फोन पोचत नाही तिथे पाय लागतात, हे गृहीत धरूनच आखणी करावी. २०२०मध्ये करोना साथीच्या भीतीने आया अंगणवाडीत येईनाशा झाल्या, तेव्हा नर्मदाकाठच्या चिमलखेडीच्या सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत जात होत्या. अशा पाड्यांना ऑनलाइनच्या यादीत घालून तिथली गृहभेट कमी करणे ही काटकसर नव्हे, तो अन्याय होईल.

उरल्या नोंदी. कोणत्या मुलाचे वजन किती, कोण तीव्र कुपोषित, हे वर्गात नाव घेऊन बोलू नये आणि त्याचा फोटो गटावर टाकू नये. पाड्यात ती गोष्ट आईच्या नावाला चिकटते. वर्गाचे चित्रण करायचे तर आधी विचारावे, आणि नकार आला तर आग्रह करू नये. हजेरीत पडद्यावरची नावे न मोजता अंगणात बसलेली माणसे मोजावीत, बाप वेगळे. वर्गात विचारलेले प्रश्न सेविकेने वहीत लिहावेत, कारण पुढच्या वर्गाचा विषय त्यातूनच निघतो. ज्या आईने काहीच विचारले नाही, तिच्या घरी दोन दिवसांत जाऊन यावे.

तुझा,
मामा