आधी तेल, मग टायमिंग

चेक लाइट लागतो, स्कॅनरवर कॅमशाफ्टच्या टायमिंगचा कोड येतो आणि बऱ्याच गॅरेजमध्ये निकाल तिथेच लागतो: व्हीव्हीटी गेलं, चेन किट घाला. कोल्हापुरात पेट्रोल गाड्यांची इंजिनं उघडण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्हचं टायमिंग पुढेमागे करणारं यंत्र, तेलावर चालतं. तेल तपासल्याशिवाय कॅमला पाना लावू नये.

गडहिंग्लजकडचा एक तरुण १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक घेऊन आला होता. गाडी भाड्याने चालवायचा, तिच्यावर घर चालत होतं. "मिस्त्री, चेन नवी, टेन्शनर नवा, व्हीव्हीटीचा गिअरसुद्धा नवा घातलाय. थोडे दिवस बरी चालली. आता गरम झाली की सिग्नलला बंद पडतीय," म्हणाला. मी बिल मागितलं. पार्टची यादी लांबलचक, पण तेलापुढे नुसतं 'इंजिन ऑइल' लिहिलेलं. ग्रेड नाही, कंपनी नाही. डिपस्टिक ओढली तर तेल पातळीला बरोबर, पण चांगलंच जाड. काम केलेल्या गॅरेजला फोन लावून विचारलं. २०डब्ल्यू-५० ओतलं होतं. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० छापलेलं होतं.

स्कॅनर लावून आकडे चालू इंजिनवर बघितले. कोड होता पी ००११, म्हणजे इनटेक कॅम हवा त्यापेक्षा पुढे गेलेला. आयडलिंगला ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, कॅमला शून्यावर ये म्हणत होता आणि कॅम पुढे गेला होता तो परतायला तयार नव्हता. मग ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह, ज्याला आपण ओसीव्ही म्हणतो, तो काढला. दहा नंबरचा एकच बोल्ट. व्हॉल्व्ह उजेडात धरला तेव्हा स्पूलच्या खाचेत करड्या सिलिकॉनचा बारीक दोरा अडकलेला दिसला. चिमट्याने ओढला तर नखाएवढा लांब निघाला. तेवढ्यानं स्पूल मागे सरकत नव्हता, तेल एकाच बाजूला जात होतं आणि कॅम पुढेच धरलेला राहत होता.

दोरा आला कुठून? टॅपेट कव्हर उघडल्यावर उत्तर मिळालं. रबरी गॅस्केट असूनही त्यावर सगळीकडून सिलिकॉन फासलं होतं. कव्हर आवळलं की जादाचं सिलिकॉन बाहेर येतं तेवढंच आतही येतं. बाहेरचं पुसता येतं, आतलं तेलात गळून पडतं. चेंबर खाली घेतला तर स्ट्रेनरच्या जाळीवर तसलेच तुकडे. कॅमच्या पुढच्या जर्नलवर बारीक चरे उठले होते. नख फिरवलं तर अडकत नव्हतं, म्हणून कॅम वाचला. आणखी थोडे दिवस गाडी तशीच पळाली असती, तर हेडच बदलायची वेळ आली असती. स्ट्रेनर धुतला, ओसीव्ही साफ केला, कव्हरला नवं कोरडं गॅस्केट लावलं, पुस्तकातल्या ग्रेडचं तेल आणि नवा फिल्टर घातला. गाडी शांत झाली. पोराने जे पार्ट आधी बदलले होते त्यांतल्या एकाचीही गरज नव्हती.

हे असं का होतं, ते समजून घ्यायला हवं. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा होतो. पूर्वी हे नातं चेन बसवली की कायमचं ठरायचं. व्हीव्हीटीमध्ये कॅमच्या टोकाला असलेल्या गिअरच्या पोटात पाती असतात. पात्यांच्या एका अंगाला तेल भरलं की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या अंगाला भरलं की मागे. क्रँकच्या हिशेबाने हे सरकणं कित्येक इंजिनांत ४० अंशांच्या आसपास असतं. तेल कुठे पाठवायचं ते ओसीव्ही ठरवतो आणि ओसीव्हीला हुकूम ईसीएम देतो. होंडाचं व्हीटेक १९८९ मध्ये आलं. त्याची रीत वेगळी. तिथे रॉकरमधली पिन सरकवून दुसऱ्या आकाराचा कॅम कामाला लावतात. पण ती पिन ढकलतं तेही तेलच. तेल जाड असेल, काळं पडून चिकट झालं असेल किंवा पातळीखाली गेलं असेल, तर नव्या कोऱ्या गिअरनेही काम होणार नाही.

कोडचे आकडे नीट वाचले तरी निम्मी चूक टळते. पी ००१० हा विजेच्या सर्किटचा कोड आहे. आधी कनेक्टर, वायर आणि ओसीव्हीची कॉइल बघा. पी ००११ म्हणजे कॅम पुढे अडकला, पी ००१२ म्हणजे मागे राहिला. इथे तेल आणि ओसीव्हीपासून सुरुवात करायची. पी ००१६ आला, म्हणजे कॅम आणि क्रँकच्या सेन्सरचा मेळ बसत नाही, तर मात्र चेन ताणली आहे का, दात सुटला आहे का, ही शंका घ्यायला जागा आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला पुढच्या बाजूने खडखड येऊन दोन-तीन सेकंदांत थांबत असेल, तर गिअरची लॉक पिन बसत नाही किंवा टेन्शनरमधलं तेल रात्रीत उतरतं आहे, असं समजावं.

ओसीव्ही तपासायला फार हत्यारं लागत नाहीत. मल्टीमीटरने कॉइल मोजा. टोयोटाच्या बऱ्याच व्हीव्हीटी-आय इंजिनांना २० अंश तापमानाला ६.९ ते ७.९ ओहम असावेत, असं मॅन्युअल सांगतं. इतर गाड्यांचा आकडा त्यांच्या पुस्तकात बघा. मग बॅटरीचा करंट क्षणभर द्या. स्पूल टक् करून पूर्ण सरकला पाहिजे आणि वायर काढताच पूर्ण मागे आला पाहिजे. वायर धरून ठेवू नका, कॉइल जळते. बऱ्याच इंजिनांत ओसीव्हीच्या वाटेवर एक चिमुकली जाळी असते. ती चोंदलेली असली तर व्हॉल्व्ह कितीही नवा घाला, उपयोग नाही.

एवढं करूनही कॅम काढायचीच वेळ आली, तर घाई करू नका. इंजिन गार हवं. पहिला सिलिंडर टॉपला आणून मार्क जुळवा, चेन आणि दोन्ही गिअरवर रंगाच्या पेनने आपली खूण करा, फोटो काढून ठेवा. टेन्शनर काढण्याआधी पिन घालून लॉक करा, नाहीतर त्याचा प्लंजर बाहेर येतो आणि परत बसवताना चेन जास्त ताणली जाते. गिअरचा मधला बोल्ट सोडताना पाना कॅमच्या षटकोनी भागावर धरा. गिअर धरून जोर लावला तर आतली लॉक पिन तुटते. आणि गिअर खोलून आत बघायचा मोह आवरा.

सगळ्यात जास्त नुकसान मी कॅपच्या बोल्टवर बघितलं आहे. कॅमला खालून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा रेटत असतात. एका टोकाचे बोल्ट एकदम काढले तर सगळा दाब दुसऱ्या टोकावर येतो. कास्ट आयर्नचा कॅम असा सहज तडकतो, ॲल्युमिनियमची कॅप तर फुटतेच. म्हणून बाहेरच्या टोकांकडून मधे येत, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा, दोन-तीन फेऱ्यांत सोडायचा. आवळताना उलट, मधून बाहेर. कॅप हेडवर बसवूनच भोक पाडलेलं असतं, त्यामुळे एकीची जागा दुसरीला चालत नाही. वरचा आकडा आणि बाण बघून पुठ्ठ्यावर ओळीने मांडा. हे बोल्ट बारीक असतात, बहुतेक १० ते १३ न्यूटन-मीटरवरच बसतात. मोठ्या टी-हँडलने अंदाजाने आवळले की हेडचे आटे जातात. छोटा टॉर्क रेंच विकत घ्या, तो पहिल्या वाचलेल्या हेडमध्ये वसूल होतो.

जर्नल आणि लोबना स्वच्छ तेल लावूनच कॅम ठेवायचा. सिलिकॉन फक्त पुढचं कव्हर आणि हेड मिळतात त्या सांध्यावर, तेही मॅन्युअलने सांगितलं असेल तर, ३-४ मिलिमीटरचा ठिपका. सगळं बसल्यावर पाना लावून क्रँक घड्याळाच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मधे कुठे कडक अडलं तर तिथेच थांबा, कारण बहुतेक अशा इंजिनांत टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो आणि स्टार्टरला ते कळत नाही. दोन फेऱ्यांनी क्रँक आणि कॅमचे मार्क पुन्हा जुळले पाहिजेत. चेनच्या रंगीत कड्या इतक्यात जुळणार नाहीत, त्यावरून घाबरू नका. मग प्लग काढून, इंजेक्टरची वायर सोडून थोडं क्रँक करा, तेल वर चढू द्या. त्यानंतरच स्टार्ट.

सीएनजीवर पळणाऱ्या गाड्यांसाठी एक वेगळी सूचना. कोरड्या गॅसमुळे व्हॉल्व्हच्या सीटा लवकर झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होत जातो. टॅपेट कव्हर निघालंच आहे तर गार इंजिनवर फीलर गेज घालून गॅप मोजून घ्या. गॅप कमी झाल्यामुळे आवाज न करणारे व्हॉल्व्हच पुढे जळतात.

गाडीमालकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुस्तकात छापलेला ग्रेड पाठ ठेवा आणि प्रत्येक बिलावर तो लिहून मागा. टॉप-अपलाही हाती लागेल तो डबा ओतू देऊ नका. गाडी रोज चार-दोन किलोमीटरच फिरत असेल, तर किलोमीटर पुरे होण्याची वाट न बघता मुदतीला तेल बदला, कारण पुरतं न तापणाऱ्या इंजिनात तेल लवकर खराब होतं. आणि कोणी चेन किट सुचवलं, तर काम सुरू होण्याआधी ओसीव्ही काढून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. त्याला अर्धा तास लागतो.